अतिखाण्याचा विकार : विमा कुठे पुरतो, कुठे अपुरा पडतो

आरोग्य विमा घेताना बहुतेक घरांचा हिशेब सरळ असतो. सर्दी-तापाचा खर्च आपला, मोठ्या आजाराचा कंपनीचा. हृदयविकार, अपघात, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांना हा हिशेब बरोबर लागू पडतो. अतिखाण्याच्या विकाराला, म्हणजे डॉक्टर ज्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात त्याला, तो लागू पडत नाही. हा आजार वर्षानुवर्षं चालतो, शरीर आणि मन दोन्ही पोखरतो, आणि तरीही त्याच्यासाठी रुग्णालयात दाखल व्हायची वेळ क्वचितच येते. आपल्याकडचा विमा मात्र प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णासाठी रचलेला आहे. त्यामुळे पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकसारख्या गावात राहणाऱ्या कुटुंबाने ‘या गोळ्यांचे पैसे विमा देईल का?’ एवढंच विचारून थांबू नये. या आजारात गोळ्या हा खर्चाचा सगळ्यात छोटा भाग आहे. दाखल व्हायची वेळ आली तर विमा, गोळ्यांसाठी सरकारी रुग्णालय किंवा जनऔषधी केंद्र, आणि घरची शिल्लक मानसोपचारासाठी, अशी वाटणी केली तर उपचार झेपतो. ही वाटणी उलटी झाली की पैसा संपतो आणि आजार तसाच राहतो.

आधी आजार नेमका कोणता, ते पाहू. लग्नात दोन जिलब्या जास्त खाल्ल्या, गणपतीत मोदकांवर ताव मारला, याला विकार म्हणत नाहीत. थोड्या वेळात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त खाल्लं जाणं आणि त्या वेळी ‘आता थांबावं’ हे कळूनही थांबता न येणं, ही त्याची खूण. भूक नसताना खाणं, पोट दुखेपर्यंत बकाबका खाणं, कोणी पाहू नये म्हणून एकट्याने खाणं, आणि नंतर स्वतःची किळस वाटणं ही सोबतची लक्षणं. असं आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने होत राहिलं तर डॉक्टर या निदानाचा विचार करतात. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं किंवा जुलाबाची औषधं घेणं नियमित होत असेल तर तो बुलिमिया, वेगळा आजार. रुग्ण जाड असतोच असं नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानपुस्तिकेत या विकाराला स्वतंत्र स्थान दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात त्याला ६बी८२ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. हा क्रमांक पुढे विम्याच्या कागदात उपयोगी पडतो.

इथे पहिला आक्षेप घरातूनच येतो. हा कसला आजार, जिभेवर ताबा नाही एवढंच! गागोदे हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म इथे झाला, आणि संयमाला इथे मान असणं स्वाभाविक आहे. पण संयमाचा उपदेश या आजारात बहुधा उलटा फिरतो. दिवसभर काही खायचं नाही, भात बंद, गोड बंद असे कडक नियम माणूस स्वतःला घालून घेतो. एखादा नियम मोडला की ‘आता मोडलाच’ म्हणून खा-खा सुटते. त्याची लाज वाटून दुसऱ्या दिवशी नियम आणखी कडक होतात. विचार आणि वर्तन यांवर काम करणारा मानसोपचार या चक्रावरच घाव घालतो, आणि त्याची पहिली पायरी बहुतेकदा उपासाची नसून वेळेवर नियमित जेवण्याची असते. तेव्हा या रुग्णाला हवी असते ती मदत. मनोविकाराचं निदान राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच करावं, असं भारताचा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. सासूबाईंचं किंवा विमा एजंटाचं मत हा निकष नव्हे.

कायदा विमेदाराच्या बाजूने भक्कम आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमलात आला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम २१(४) नुसार प्रत्येक विमा कंपनीने शारीरिक आजाराला जे संरक्षण आहे त्याच तत्त्वावर मानसिक आजाराच्या उपचारालाही संरक्षण द्यायचं आहे. विमा नियामक आयआरडीएआयने १६ ऑगस्ट २०१८ ला कंपन्यांना या कलमाचं पालन करायला सांगितलं. २०१९ मध्ये, कोणते आजार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत याचे नियम ठरवताना मानसिक आजार त्यांत घातले. तरीही जुन्या पॉलिसींत ‘मनोविकार वगळून’ हे शब्द रेंगाळत राहिले. १९ एप्रिल २०२१ ला दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, कायदा लागू झाल्यापासून कंपन्यांवर हे बंधन आहे, असा निकाल दिला आणि दावा देण्याचा आदेश केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा एकदा महिनाअखेरची मुदत घालून सर्व कंपन्यांना बजावावं लागलं. म्हणजे ‘मानसिक आजार आम्ही देत नाही’ असं आज कोणी सांगितलं, तर ते कायद्याला धरून नाही.

मग अडतं कुठे? कायद्याने बरोबरी दिली आहे, आणि बरोबरी ज्याच्याशी करायची ते संरक्षणच अपुरं आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचे पैसे सामान्य आरोग्य विमा देत नाही, रक्तदाबाच्या गोळ्यांचेही देत नाही. बहुतेक पॉलिसींना किमान २४ तास दाखल व्हावं लागतं. औषधांचा खर्च मिळतो तो दाखल असतानाचा, आणि त्याआधीच्या साधारण ३० व नंतरच्या ६० दिवसांचा, तोही त्याच आजारासाठी असेल तर. अतिखाण्याच्या विकाराचा रुग्ण डॉक्टरांच्या खोलीत येतो, बोलतो, चिठ्ठी घेतो आणि घरी जातो. कंपनी त्याला गोळ्यांचे पैसे नाकारते ते मनोविकार आहे म्हणून नव्हे, बाह्यरुग्ण आहे म्हणून. त्यामुळे कलम २१(४) घेऊन भांडायला गेलं तर या मुद्द्यावर हार ठरलेली. ते कलम उपयोगी पडतं दुसऱ्या प्रसंगी. सोबतच्या तीव्र नैराश्यामुळे, आत्महत्येच्या विचारांमुळे किंवा अनावर झालेल्या मधुमेहामुळे दाखल व्हावं लागलं, तर ‘मूळ कारण मानसिक’ असं सांगून दावा फेटाळता येत नाही.

बाह्यरुग्ण खर्चासाठी काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ओपीडीचं जोड-कवच विकतात. ते घ्यावं का, याचा निर्णय कागद-पेन्सिल घेऊन करावा. समजा, जोड-कवचाचा वार्षिक हप्ता ४,००० रुपये आहे आणि वर्षाची मर्यादा ५,००० रुपये. सगळी बिलं मंजूर झाली तरी हप्ता वजा जाता हाती येतात जास्तीत जास्त १,००० रुपये. एखादं मोठं बिल अडलं, तर तोटाच. हप्ता भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचाराव्यात. मनोविकारतज्ज्ञाची फी धरतात का, मानसशास्त्रज्ञाकडच्या सत्रांचे पैसे देतात का, पेण किंवा अलिबागच्या कोणत्याही औषध दुकानाचं बिल चालतं की ठरावीक दुकानांचंच, आणि सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ किती. मर्यादा हप्त्याच्या तिप्पट-चौपट असेल आणि सत्रांचे पैसे मिळत असतील, तर विचार करायला हरकत नाही. नुसत्या गोळ्यांसाठी ते घेऊ नये, कारण गोळ्या त्याहून स्वस्त पडतात.

गोळ्यांविषयी समज-गैरसमज पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने प्रौढांच्या मध्यम ते तीव्र अतिखाण्याच्या विकारासाठी लिसडेक्सअँफेटामिन हे औषध ३० जानेवारी २०१५ ला मंजूर केलं. तिकडे ते व्हायव्हान्स या नावाने मिळतं, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून त्याच्या जेनेरिक आवृत्त्याही आल्या. बाकीची औषधं मूळ दुसऱ्या आजारांसाठी मान्य झालेली आणि अनुभवाने इथे वापरली जाणारी आहेत. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी नैराश्यावरची औषधं खाण्याचे झटके कमी करू शकतात. वजनावर त्यांचा परिणाम फारसा होत नाही. फिट्सवरचं टोपिरामेट खाण्याचे झटके आणि वजन दोन्ही कमी करतं, पण हातापायांना मुंग्या, शब्द न आठवणं, मुतखडा हे त्रास देऊ शकतं आणि गर्भाला धोका करतं, म्हणून गरोदरपणाची शक्यता असलेल्या स्त्रीने डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवं. फ्लुओक्सेटिनचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. नैराश्यावरची औषधं सुरू केल्यावर पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर पहिले काही आठवडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं, आणि कोणतंही औषध डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये.

परदेशात नातेवाईक असलेल्या घरांतून दुसरा आक्षेप येतो. खास या आजारासाठी मंजूर झालेलं औषध तिकडे आहे, तर मुलगा किंवा भाचा ते आणून देईलच की! हा विचार सोडावा, आणि त्याला दोन कारणं आहेत. हे औषध शरीरात गेल्यावर त्याचं डेक्सअँफेटामिन होतं. अँफेटामिन वर्गातली द्रव्यं आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएसखाली, येतात. अमेरिकेतही त्यावर कडक नियंत्रण आहे. सामानातून आणलेली बाटली औषध म्हणून आली की गुन्हा म्हणून, याचा वाद विमानतळावर घालण्यात शहाणपण नाही. दुसरं कारण वैद्यकीय. त्याने नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, सवय लागण्याचा धोका असतो, आणि जवळ देखरेख करणारा डॉक्टर हवा. शिवाय तिकडच्या मराठी कुटुंबांनाही ते सहज मिळतं असं नाही. अमेरिकेत मानसिक आणि शारीरिक आजारांच्या विम्यात बरोबरी सांगणारा कायदा २००८ पासून आहे आणि तिथला विमा बाह्यरुग्णाच्या औषधांचा खर्चही उचलतो; तरी अनेक कंपन्या या औषधासाठी पूर्वपरवानगी मागतात आणि आधी स्वस्त औषध घेऊन पाहिल्याचा पुरावा मागतात. भांडण तिकडेही आहे, फक्त ते दुसऱ्या पायरीवर होतं.

तिसरा आक्षेप नवा आहे. वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांचा सध्या गाजावाजा आहे, मग तीच का घेऊ नयेत? मौन्जारो हे इंजेक्शन भारतात मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा त्याची कुपी ताकदीप्रमाणे ३,५०० किंवा ४,३७५ रुपयांना होती, आणि आठवड्याला एक लागते. म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५०० रुपये. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाच्या किमती स्पर्धेमुळे उतरू लागल्या, हे खरं. पण ही औषधं मधुमेह आणि लठ्ठपणासाठी मंजूर आहेत, अतिखाण्याच्या विकारासाठी नाहीत, आणि या विकारातला त्यांचा पुरावा अजून प्राथमिक आहे. भूक मारली म्हणून लाज, एकटेपणा आणि उपास-झटक्याचं चक्र आपोआप मोडेल, असं धरून चालता येत नाही. विम्याच्या अंगानेही हा रस्ता बंदच आहे. लठ्ठपणासाठीचं प्रमाणित अपवाद-कलम शस्त्रक्रियेलासुद्धा वय, वजनाचा निर्देशांक आणि सोबतचे आजार यांच्या कडक अटी घालतं. घरी घ्यायच्या इंजेक्शनाचे पैसे सर्वसाधारण पॉलिसीत मागण्यात अर्थ नाही. मधुमेह असेल आणि त्यासाठी डॉक्टरांनी ते सुचवलं, तर गोष्ट वेगळी. त्या वेळी खाण्याच्या झटक्यांविषयी मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगावं, म्हणजे इन्सुलिनची मात्रा ठरवताना घोळ होणार नाही.

आता खरा खर्च मांडू. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: या विकारावर केवळ औषध देऊन थांबू नये. सुरुवात विचार-वर्तन पद्धतीच्या स्वमदत कार्यक्रमाने करावी, सोबत आधार देणारी छोटी सत्रं ठेवावीत. त्याने भागलं नाही तर गटात किंवा एकेकट्याने पूर्ण मानसोपचार घ्यावा, साधारण १६ ते २० सत्रांचा. गावातल्या कुटुंबासाठी याचा अर्थ काय, ते काल्पनिक पण शक्य आकड्यांनी पाहू. समजा, चार महिने उपचार चालला. महिन्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञ: फी ८००, प्रवास ३००, बुडालेली मजुरी ६००, म्हणजे खेपेला १,७०० आणि चार खेपांना ६,८००. गोळ्या महिना २०० धरल्या तर ८००. मानसोपचाराची १६ सत्रं: प्रत्येकी फी १,०००, प्रवास ३००, मजुरी ६००, मिळून ३०,४००. एकूण ३८,००० रुपये, आणि त्यांत गोळ्यांचा वाटा शंभरात दोन रुपये. गोळ्यांचे पैसे विम्याने दिले तरी ३७,२०० उरतातच. म्हणून बचत कुठे करायची ते सत्रांच्या आणि खेपांच्या ठिकाणी शोधावं लागतं. ‘नाइस’ने सुचवलेली आधार-सत्रं फक्त २० मिनिटांची असतात आणि १६ आठवड्यांत चार ते नऊ पुरतात. अशी सहा सत्रं फोनवर किंवा व्हिडिओवर, प्रत्येकी ४०० रुपयांत झाली, तर वरचा एकूण खर्च १०,००० वर येतो. आकडे ज्याचे-त्याचे वेगळे निघतील. प्रमाण फार बदलणार नाही.

गोळ्यांसाठी खिशाला हात लावण्याआधी सरकारी दार ठोठावावं. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ नुसार सरकारने ठरवलेल्या आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं मानसिक रुग्णांना ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर मोफत मिळायला हवीत. फ्लुओक्सेटिन २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहे, त्यामुळे त्याच्या कमाल किमतीवरही सरकारी नियंत्रण आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. गागोद्याच्या रहिवाशाने आधी पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाचा वार विचारावा, नाहीतर अलिबागचं जिल्हा सामान्य रुग्णालय गाठावं. पेणहून ते सुमारे ३० किलोमीटर आहे. पहिला सल्ला घरबसल्या हवा असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. आत्महत्येचे विचार येत असतील तर वाट न पाहता ११२ वर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावं. पुढच्या तपासण्यांसाठी व्हिडिओवरून डॉक्टरांना भेटता येतं. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी चिठ्ठी वैध असते, फक्त वर सांगितलेल्या एनडीपीएस कायद्याखालची औषधं तिच्यावर देता येत नाहीत. दर दोन खेपांपैकी एक फोनवर झाली तरी प्रवासाचा आणि मजुरीचा निम्मा पैसा वाचतो.

‘सरकारी रुग्णालयात औषध कधी असतं?’ हा आक्षेप खोटा नाही. साठा संपतो, तज्ज्ञाची बदली होते, रांगेत दिवस जातो. तरी त्यावर उपाय आहे. निदान आणि चिठ्ठी तिथून मोफत घ्यावी, औषधाचं मूळ नाव लिहून मागावं, आणि साठा नसेल तर चिठ्ठीवर तसा शेरा घेऊन जनऔषधी केंद्रातून तेच औषध विकत घ्यावं. जवळचं केंद्र आणि किंमत ‘जनऔषधी सुगम’ या अ‍ॅपवर दिसते. तिथे नामांकित ब्रँडपेक्षा औषधं निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. ‘स्वस्त म्हणजे कमअस्सल’ या समजुतीने दुप्पट-चौपट पैसे देणारे रुग्ण पुढे पैशाअभावी औषधच सोडतात, आणि अर्धवट सोडलेलं महाग औषध नियमित घेतलेल्या स्वस्त औषधापेक्षा निश्चितच वाईट. ओळखीच्या माणसांत बोभाटा होईल, या भीतीने पेणऐवजी पनवेल-मुंबई गाठणाऱ्यांनी कलम २३ लक्षात ठेवावं: रुग्णाच्या आजाराची गुप्तता राखणं हे कर्मचाऱ्यांवर कायद्याचं बंधन आहे. तरीही संकोच वाटत असेल तर पहिली भेट बाहेर आणि पुढचं औषध इथे, असा मधला मार्ग निघतो.

घरात कोणतं संरक्षण आधीच आहे, हेही तपासावं, कारण अनेकांना ते माहीत नसतं. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत किंवा नागोठण्याच्या परिसरात दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, ०.७५ टक्के वर्गणी कापली जात असेल, तर त्याला आणि त्याच्या अवलंबितांना बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही मिळतात. साध्या खासगी विम्यात जे नाही, ते इथे आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस आणि माजी सैनिकांची ईसीएचएस याही औषधं देणाऱ्या योजना आहेत. पेण-हमरापूरच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत हंगामी काम करणाऱ्यांना, शेतकऱ्यांना आणि घरगुती पापड-पोह्यांच्या उद्योगातल्या बायकांना मात्र यांतलं काही नसतं. त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. तीही ठरावीक यादीतल्या, दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची योजना आहे. रोजच्या गोळ्यांसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. आपला उपचार यादीत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर विचारता येतं.

सगळ्यात घातक सल्ला कधीकधी पॉलिसी विकणाराच देतो: निदान झालंय हे लिहू नका, नाहीतर हप्ता वाढेल. हप्ता वाढू शकतो, हे खरं. पण लपवल्याची किंमत फार मोठी आहे. उद्या मधुमेहासाठी किंवा हृदयासाठी दाखल झाल्यावर जुन्या केसपेपरात हा आजार दिसला, तर माहिती दडवल्याच्या कारणाने अख्खा दावा अडकू शकतो. खरं लिहिलं तर काय होतं? १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला माहिती दडवल्याचं कारण पुढे करता येत नाही. पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडे नेली तरी भरलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. मानसिक आजार असलेल्यांसाठी निदान एक तरी पॉलिसी प्रत्येक सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपनीने ठेवावी, असं नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे वाढीव हप्त्याचा भार थोडा हलका झाला आहे. आलेली पॉलिसी ३० दिवसांत वाचून पटली नाही तर परत करता येते. या ३० दिवसांत अपवादांची पानं वाचायचीच.

दावा फेटाळला गेलाच, तर रडत किंवा ओरडत बसण्याऐवजी कागद जमवावेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निदान शब्दांत आणि रोगवर्गीकरणाच्या क्रमांकासह असावं. ‘लठ्ठपणा’ किंवा ‘वजन कमी करणे’ एवढंच लिहिलं असेल, तर दावा थेट लठ्ठपणाच्या अपवादात जाऊन पडतो. जुनी दहावी आवृत्ती वापरणाऱ्या रुग्णालयात एफ५० हा खाण्याच्या विकारांचा गट लिहिला जातो, तोही चालतो. दाखल का करावं लागलं, याचं वैद्यकीय कारण डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट हवं. कंपनीने नकार देताना पॉलिसीतलं कोणतं कलम लावलं, ते लेखी मागावं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावं; ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, नकारापासून एका वर्षाच्या आत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ व्यवस्थेकडे १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे.

या सगळ्या वाटणीवर शेवटचा आक्षेप विचारी वाचकाचा असेल. घराने एवढी सोय स्वतःच केली, तर कंपन्या आणि सरकार मोकळेच सुटतात. तसं होऊ नये, आणि म्हणूनच मागणी नेमकी असायला हवी. विमा कंपनीकडून ‘मनोविकारालाही संरक्षण द्या’ एवढंच मागण्याचे दिवस कायद्याने मागे टाकले. आता मागायचं ते दीर्घ आजारांच्या बाह्यरुग्ण उपचाराला संरक्षण, मधुमेही, दमेकरी आणि मनोरुग्ण या सगळ्यांनी मिळून. सरकारकडे मागायच्या गोष्टी त्याहून सोप्या आणि जवळच्या आहेत. ग्रामसभेच्या ठरावाने आणि रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीमार्फत पेणसाठी तीन गोष्टी मागता येतात: मनोविकारतज्ज्ञाचा ठरलेला वार, मानसशास्त्रज्ञाकडून फोनवरची आधार-सत्रं, आणि फ्लुओक्सेटिनसारख्या यादीतल्या औषधांचा अखंड साठा. यांतली एकही गोष्ट महाग नाही, आणि वर मांडलेल्या ३८,००० रुपयांतला मोठा भाग त्या तिन्हींनीच वाचतो.